खमिराची बरणी: फ्रीजमध्ये की वाळवणात?

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस लागतात. त्यामुळं घरी सॉरडो, म्हणजे मैदा-पाणी आंबवून केलेल्या खमिरावर फुगवलेला ब्रेड, करणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो 'मिसळीला चालतो का' हा. चालतो, कटाबरोबर आंबूस चव झकास लागते. दुसरा प्रश्न चारेक ब्रेड झाल्यावर पडतो: हे खमीर रोज ताजा मैदा-पाणी घालून पोसत बसायचं का? अजिबात नाही. एप्रिलात ओट्यावरची बरणी चार-पाच तासांत फुगून खाली बसते, सकाळ-संध्याकाळ मैदा मागते. दोन दिवस विसरलात की आंबट चिखल.

आठवड्यातून एकदा ब्रेड करणाऱ्यानं सरळ फ्रीज धरावा. खमीर, मैदा आणि पाणी वजनानं समान घ्यायचं, तासभर बाहेर ठेवायचं, मग आत. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होत राहतो. आठवड्यानं पुन्हा पोसायचं. वर करडं पाणी साचलं तर घाबरू नका. त्यात अल्कोहोल असतं, खमिराला भूक लागल्याची ती खूण. ओतून द्या किंवा ढवळून टाका. गुलाबी-केशरी छटा किंवा बुरशी दिसली तर मात्र चमच्यानं वरचं काढून बाकीचं वाचवायचा मोह नको. बरणी रिकामी करा.

परदेशात घरी बिअर करणारे लोकही असंच करतात: पिंपाच्या तळाशी बसलेलं यीस्ट बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवतात आणि पुढच्या खेपेला वापरतात. (आपल्याकडं तो नाद नको. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे.) त्यांचं यीस्ट बहुधा एकाच जातीचं, निवडून वाढवलेलं. त्यात परका जंतू शिरला की चव गेली, म्हणून भांडी निर्जंतुक करण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. आपल्या खमिरात यीस्टसोबत दह्यातल्यासारखे लॅक्टिक जीवाणू असतात आणि त्यांचं आम्लच बऱ्याच आगंतुकांना बाहेर ठेवतं. म्हणून आपल्याला स्वच्छ धुतलेली बरणी पुरते.

आता वाळवण. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा ब्रेड करणाऱ्यासाठी माझं मत ठामपणे याच बाजूला. पोसलेलं, ऐन फुगलेलं खमीर बटर पेपरवर पापडाहून पातळ पसरायचं आणि घरात पंख्याखाली ठेवायचं. दिवस-दीड दिवसात ते कडकडीत होऊन सुटतं. चुरून कोरड्या काचेच्या बरणीत भरा, अंधाऱ्या कपाटात ठेवा, महिनोन्‌महिने टिकतं. सांडगे-कुरडया गच्चीवर घालता म्हणून हेही तिथं नेऊ नका. चैत्रातल्या उन्हात ताट एवढं तापतं की यीस्ट भाजून निघेल. मुहूर्त मात्र तोच, चैत्र-वैशाख. जुलैत हा खटाटोप करू नये. मी केला होता. तीन दिवस पंखा फिरवूनही ते चामड्यासारखं लवचीक राहिलं, आणि हवेतला ओलावा जिरलेलं खमीर बरणीत टिकत नाही.

वाळवणाची किंमत वेळेत मोजावी लागते. १० ग्रॅम चुऱ्यावर २० ग्रॅम कोमट पाणी, दोन-तीन तासांनी २० ग्रॅम मैदा, मग रोज पोसणं. नीट फुगायला तीन-चार दिवस लागतात. चक्कीचं गव्हाचं पीठ चमचाभर घातलं तर लवकर जागं होतं. रविवारी ब्रेड हवा असेल तर बुधवारीच आठवण हवी.

फ्रीझरच्या वाटेला जाऊ नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणूनच यीस्ट गोठवणारे त्यात ग्लिसरीन घालतात. आणि आंबूस चव नकोच असेल तर पाकिटातलं यीस्ट आणा, दोन-तीन तासांत पीठ फुगेल, वाद संपला.

माझं स्वतःचं मत बदललं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली आणि आम्ही नातेवाइकांकडं गेलो. परतून फ्रीज उघडला तर दोन वर्षं सांभाळलेल्या बरणीवर केशरी थर. आता रोजच्या वापराचं फ्रीजमध्ये असतं, कपाटात चुऱ्याची बरणी, आणि एक पुडी गडहिंग्लजला बहिणीकडं. तिला ब्रेड करायचा नाही, पण हळदीच्या डब्याशेजारी ती पुडी जपून ठेवते.