बडोद्यातील अंत्यविधी साहित्याच्या एका दुकानाविषयी

कारेलीबागेत खासवाडी स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंत्यविधीचे साहित्य विकणारे एक छोटे दुकान आहे. गेल्या महिन्यात पहाटे आई गेली तेव्हा आम्हाला त्याची गरज पडली. अशा वेळी कोणाला फोन करावा हे आम्हाला माहीत नव्हते. इतरांना ते माहीत असावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. प्रथम फोनवरून दुसऱ्याच एका सेवेकडे पूर्ण सामान मागवले होते. त्यांनी काहीही न विचारता, गुजराती घरांत लागते तसे, लाल चुंदडी आणि ननामीच्या, म्हणजे तिरडीच्या, चार टोकांना बांधायचे चार नारळ पाठवले. ती आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची पद्धत आहे आणि तिच्याविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु सवाष्ण गेलेल्या आईला हिरवे लुगडे नेसवून, मळवट आणि ओटी भरून निरोप द्यावा ही बाबांची इच्छा होती, आणि काळे तीळ, दर्भ किंवा पाण्याचे मडके यांपैकी त्या पिशवीत काहीच नव्हते.

शेवटी धाकटा भाऊ या दुकानात गेला. दुकानदाराने किमतीचा विषय न काढता पहिला प्रश्न विचारला, "बा सौभाग्यवती हतां?", म्हणजे आई सवाष्ण होत्या का? आपण मराठी आहोत एवढे भावाने सांगताच हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, मडके, तीळ आणि गोवऱ्या असे सगळे एकेक करून फळीवर आले. सर्वांत वर त्यांनी पांढऱ्या कापडाचा एक स्वच्छ तुकडा घडी करून ठेवला आणि मोडक्या मराठीत सांगितले, "दगड यात बांधा, दहाव्यापर्यंत हरवू नका." खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात तो अश्मा जपून ठेवावा लागतो, कारण पुढे दहा दिवस तिलांजली त्यावरच द्यायची असते. त्या गडबडीत आम्हा कोणालाही हे सुचले नसते.

सामान बांधून होत असताना एक मुस्लिम गृहस्थ आजीसाठी कफन घ्यायला आले होते. पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच कापडे लागतात, म्हणून दुकानदाराने न शिवलेले पांढरे कापड पाच वेळा मोजून वेगवेगळे फाडले आणि गुस्लच्या, म्हणजे मृताला घालायच्या आंघोळीच्या, शेवटच्या पाण्यात घालायचा कापूर निराळ्या पुडीत बांधून दिला. आमच्या आणि त्यांच्या सामानाला त्या माणसाचे हात सारख्याच हळुवारपणे लागत होते, असे भावाने घरी येऊन सांगितले. मला या दुकानाची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

उणिवाही आहेत. दर्भ जुना होता, हातात घेताच तुटत होता, त्यामुळे दहाव्यासाठी तो दुसरीकडून आणावा लागला. दरपत्रक कोठेही लावलेले नाही. आमच्याकडून वाजवी पैसे घेतले, तरीही शोकात असलेला माणूस भाव विचारत नाही, म्हणून दर लिहिलेले असायलाच हवेत.

अस्थिविसर्जनासाठी चांदोदला, म्हणजे नर्मदा आणि ओरसंगच्या संगमावर, जाण्याचा सल्ला दुकानदारानेच दिला. दहाव्याचे पिंडही आम्ही तेथेच ठेवले. कावळा शिवायला पाऊण तास लागला; धाकट्याच्या लग्नाचे सगळे नीट करू असे बाबांनी मोठ्याने म्हटल्यावर तो आला.

साहित्याचे पैसे त्या दिवशी त्यांनी घेतलेच नव्हते, "बारावं होऊ द्या" म्हणाले होते. तेराव्यानंतर मी स्वतः पैसे द्यायला गेले, तेव्हा पावती देताना तिच्या पाठीमागे त्यांनी गुजरातीत 'सिद्धपूर, बिंदू सरोवर' असे लिहून दिले. आईचे श्राद्ध तेथे करतात, त्याला मातृगया म्हणतात, वर्ष झाल्यावर भावाला घेऊन जा, असे ते म्हणाले.