कॉफीच्या गाड्यावर स्टीलचा फिल्टर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गाड्यासाठी कॉफीचा फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं) घेणार असाल तर 5 लिटरचा एक घेऊ नका, लिटरभर पाण्याचे दोन घ्या. महिनोन्‌महिने रोज वापरल्यावर सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच.

मोठ्या ब्रँडच्या कॅफेत प्रत्येक कपासाठी बिया तिथेच दळतात आणि 25-30 सेकंदांत मशीनमधून शॉट, म्हणजे दाट कॉफीचा छोटा घोट, काढतात. म्हणून तिथला सकाळचा कप आणि संध्याकाळचा कप सारखाच लागतो. गाड्यावर पहाटे उतरवलेलं डिकॉक्शन (फिल्टरमधून खाली उतरलेला कॉफीचा दाट अर्क) दुपारपर्यंत पुरवलं की त्याचा वास उडतो आणि आंबूस कडवटपणा येतो. गरम राहावं म्हणून बारीक गॅसवर ठेवलं तर आणखी लवकर. गिऱ्हाईक काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी चहा मागतं. दोन फिल्टर असले की एक वापरात असताना दुसरा उतरत राहतो.

एका घाण्याचं प्रमाण: 200 ग्रॅम पावडर (80 टक्के कॉफी, 20 चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड), लिटरभर पाणी. पावडर साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणजे हाती 600 मिलीच्या आसपास डिकॉक्शन येतं. कपाला 25 मिली धरलं तर 24 कप, आणि प्रत्येकी 80 मिलीप्रमाणे दोन लिटर दूध. पावडर वरच्या भांड्यात सपाट करून फिल्टरसोबतची भोकांची चकती तिच्यावर नुसती टेकवायची, दाबायची नाही. उकळी मोडल्यावर आधी वाटीभर पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, मग उरलेलं गोल फिरवत ओतायचं. 15 ते 25 मिनिटांत उतरलं तर ठीक. दहाच्या आत उतरलं तर दळण जाड आहे, कॉफी पाणचट होणार.

खरा त्रास तुंबण्याचा. दळण फार बारीक, चकती दाबलेली किंवा चिकोरी जास्त, ही नेहमीची कारणं. चिकोरी फुगून चिकट होते. पण कधी कधी यातलं काहीच नसतं. वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसतं की आतली हवा कोंडते आणि थेंब थांबतात. वरचं भांडं जरासं उचलून पुन्हा ठेवलं की धार सुरू होते. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगली पावडर फेकून देतात. बोअरचं पाणी असेल तर भोकांत क्षार धरतो. आठवड्यातून एकदा व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासावं.

दुधात काटकसर नको. 6 टक्के फॅटचं फुल क्रीम एकदाच उकळून झाकून गरम ठेवायचं. पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधाची साय आणि वास डिकॉक्शनला झाकून टाकतात, मग पावडर कितीही भारी असो.

पितळी फिल्टर दिसतो झकास, गाड्यावर शोभाही आणतो, पण आतून कल्हई हवी आणि ती वेळच्या वेळी पुन्हा करून घ्यावी लागते. स्टीलला ती कटकट नाही. एसी, बसायला जागा आणि वायफाय यांत कॅफेशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. घाईतल्या माणसाला मिनिटभरात ताजा कप हातात देणं गाड्याला जमतं, आणि तेही कॅफेच्या बिलाच्या लहानशा हिश्श्यात.

दुकानात घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून पाहा. भोकं सगळीकडे सारख्या आकाराची आणि आरपार हवीत. कडेची बुजलेली असतील तर तो फिल्टर पहिल्या दिवसापासून तुंबणार.