जिथे फक्त मला विचारलं: एका गर्भपात केंद्राचा अनुभव

गर्भपातासाठी केंद्र निवडताना सगळ्यात आधी एवढंच बघा, की तिथे तुमच्याशी एकटीशी बोलतात का. मी गेले तिथे बोलले. नवरा सोबत होता. समुपदेशक ताईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि विचारलं, "हे तुमचं स्वतःचं ठरलंय ना? घरून कुणाची जबरदस्ती नाही?" माझंच ठरलंय म्हटल्यावर पुढे 'का' म्हणून एक शब्द नाही. पदरात दोन मुलं आहेत, तिसरं झेपणार नाही, हे सगळं पटवून द्यायच्या तयारीने मी गेले होते. त्याची गरजच पडली नाही.

सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंनी स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि बघायचं आहे का, असं विचारलं. नको म्हटलं, विषय संपला. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातवा आठवडा होता. गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे त्यांनी नीट पाहिलं, कारण नळीतल्या गर्भावर गर्भपाताच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. मग गोळ्या की सक्शन, म्हणजे गर्भ ओढून घेऊन पिशवी रिकामी करणं, हे मला ठरवायला सांगितलं. आई-मावशीकडून 'क्युरेटिंग' ऐकत आले होते, म्हणून तेही विचारलं. पिशवी खरवडायची ती पद्धत आता वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, असं त्या म्हणाल्या.

मी गोळ्या निवडल्या. आधी मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी गिळायची. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या अर्धा तास गालात धरायच्या. "पाळीसारखंच असतं हो" असं म्हणून बोळवण केली नाही. जास्त दुखेल, रक्ताच्या गाठी पडतील, थंडी वाजेल, जुलाबही होतील, हे स्पष्ट सांगितलं आणि आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी आधीच हातात दिली. ताईंनी तर टेबलावर पॅड उघडून, कुठपासून कुठपर्यंत भिजलं म्हणजे 'पूर्ण भिजलं' ते बोट फिरवून दाखवलं. तासाला दोन पॅड, असं लागोपाठ दोन तास झालं तर थांबायचं नाही, निघून यायचं. कळा सुरू झाल्या तेव्हा भीती वाटली नाही ती यामुळेच. रात्री फोन केला तर नर्सने उचलला आणि घाई न करता बोलल्या.

खटकलं ते नोंदणीच्या खिडकीवर. मागे रांग असताना तिथल्या बाईंनी कशासाठी आलात ते मोठ्याने विचारलं. फॉर्मवर पतीच्या सहीचा रकाना होता. गर्भपातासाठी दुसऱ्या कुणाच्या परवानगीची अट असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2022 सालची शिफारस आहे. डॉक्टरबाईंनी तो रकाना खोडला हे खरं, पण तो छापलाच का जातो? आत इतकी माया आणि दारातच ही वागणूक, हे त्यांनी सुधारायलाच हवं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. नंतर लगेच घरी लघवीची तपासणी करू नका. काही आठवडे ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि उगाच जीव टांगणीला लागतो. दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस जाऊ शकतात, त्यामुळे गर्भनिरोधकाचं तिथेच विचारून घ्या. तांबी बसवून घेणार असाल तरच गर्भपात करू, असं अडवणारी ठिकाणं असतात. इथे तांबीची माहिती दिली, मी नको म्हटलं, आणि त्यांनी रोजच्या गोळ्यांचं पाकीट दिलं.