२६०० काढून ५६०० बसवावा, की सगळंच नवं घ्यावं?

समजा घरात २०१८-१९च्या सुमारास जुळवलेला पीसी आहे. एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम. माझाही असाच होता. त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवायचा, की एएम५वर, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर जाऊन रायझन ५ ७६००, नवा बोर्ड, डीडीआर५ रॅम असं सगळंच घ्यायचं?

त्याआधी काहीच न घेण्याचा पर्याय तपासा. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघा. ग्राफिक्स कार्ड ९५-९९ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर बिचारा निर्दोष आहे. कार्ड ६०वर रेंगाळतंय आणि तरी गेम अडखळतोय, तर संशय खरा. सीपीयूच्या एकूण आकड्यावर मात्र जाऊ नका. २६००ला १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या १२ रांगा आहेत, त्यातला एकच काठोकाठ भरला तरी एकूण आकडा जेमतेम ८ टक्के दिसतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. तरीही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हलले नाहीत, तर घोडं प्रोसेसरपाशीच अडलंय. आणि विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या, पुढचं वाचायची गरजच नाही.

कागदावर २६०० आणि ५६०० सख्खे भाऊ वाटतात. दोन्हींना ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १२ थ्रेड, दोन्ही ६५ वॅटचे. बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ३.९चा ४.४ गिगाहर्ट्झ झाला, एवढंच डोळ्यांत भरतं. खरी गंमत कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत आहे. २६००त तीन-तीन कोअरचे दोन गट आणि प्रत्येकाला ८ एमबी एल३ कॅश, म्हणजे एका घरात दोन चुली. इकडच्याला तिकडचं काही हवं असेल तर वळसा घालून आणायचं. ५६००त सहाही कोअर ३२ एमबीच्या एकाच पंगतीला बसतात, शिवाय त्याच्या झेन ३ रचनेचा प्रत्येक कोअर मुळातच चपळ. गेममध्ये गर्दीच्या जागी बसणारे झटके त्यामुळे कमी होतात. सरासरी एफपीएसपेक्षा मला तेच जास्त जाणवलं. ज्याचा दिवस एक्सेल, टॅली आणि यूट्यूबवर जातो, त्याला मात्र हा फरक दिवा घेऊन शोधावा लागेल.

नावांत फसू नका. ५५०० आणि ५६००जी ऐकायला तसेच, पण दोन्हींत एल३ निम्मी, १६ एमबीच. ग्राफिक्स कार्ड नसेल तरच ५६००जी.

७६०० ह्याहून वेगवान आहे, त्यात वाद नाही. बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झ, आणि पडद्यापुरतं ग्राफिक्सही अंगचंच. पण एएम५ बोर्डावर डीडीआर४ चालत नाही, म्हणजे प्रोसेसरच्या मागोमाग बोर्ड आणि रॅमही आलीच. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले, की हा हिशेब आणखी बिघडला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, भाव विचारताना तिन्हींची बेरीज विचारा. बोर्डच गेला असेल, किंवा महागडं कार्ड घेऊन पुढची पाच-सहा वर्षं हात लावायचा नसेल, तर ७६००. बोर्ड धड आणि कार्ड मध्यम असेल तर मी डोळे झाकून ५६०० म्हणेन. विंडोज ११साठी अडलंय म्हणून घाई करत असाल तर थांबा. २६०० त्याला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आहे, बाहेर राहिला तो १६००.

५६०० घ्यायचं ठरलं तर बोर्डाचं बायॉस (पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) आधी अपडेट करा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नंतर केलं तर पडदा काळाच राहू शकतो. पुण्यात असाल तर हे काम गुरुवारी, म्हणजे वीज-दुरुस्तीच्या दिवशी काढू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड हातचा जायचा.

कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं एखादा गेम चालवा, म्हणजे कूलर आणि प्रोसेसरमधली वाळलेली थर्मल पेस्ट मऊ होईल. मग पीसी बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. मी थंड मशीनवरच सरळ वर ओढला. प्रोसेसर धरून ठेवणारा लिव्हर लावलेला असूनही २६०० सॉकेटमधून उपटून कूलरला लटकत वर आला. एकूण पिना १३३१, वाकल्या तीनच. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने त्या सरळ करताना अर्धा तास श्वास रोखून बसलो होतो. तोच २६०० आता भाच्याच्या पीसीत चालतोय, आणि त्या पिनांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.