स्वतः करायचं, मदतनीस ठेवायचा की केंद्रात न्यायचं?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल कुणी करायची, हा निर्णय रात्रीकडे बघून घ्या. दिवसा कुणी ना कुणी येतं-जातं, निभावून नेता येतं. रात्री दीड वाजता कूस कोण बदलणार, यावर सगळं अडतं.

पक्षाघातानंतर बाबा अंथरुणाला खिळले. पहिले अकरा महिने त्यांचं सगळं मी एकटीने केलं, मग मदतनीस ठेवला, मध्ये तीन आठवडे त्यांना शुश्रूषा केंद्रातही ठेवलं. तिन्ही अनुभवून लिहितेय.

स्वतः करण्याइतकं बारीक लक्ष दुसरं कुणी देत नाही, हे खरंच आहे. बाबांची वाचा गेली होती, पण डावी भुवई आक्रसली की काहीतरी दुखतंय हे मला कळायचं. एकदा अंग पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी फिका पडेना. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही पहिली खूण. त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलणं एकदाही चुकवलं नाही आणि कातडी फाटली नाही. पण दर दोन तासांनी कूस म्हणजे आपली झोपही दोन-दोन तासांची. कंबर गेली, नोकरी सुटली. एका सकाळी रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली. आणि एकदा भरवताना वैतागून मी घास घाईने पुढे केला, बाबांना ठसका लागला, श्वास कोंडला. त्यांचे ते डोळे मी विसरलेले नाही. त्याच आठवड्यात मदतनीस शोधला.

मदतनीस आला की लगेच मोकळं होता येत नाही. पहिले पंधरा दिवस काम दुप्पट होतं, कारण सगळं शिकवावं लागतं: भरवताना पाठ ताठ ठेवायची, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, उचलताना काखेत हात घालून ओढायचं नाही. वही ठेवाच. गोळी, लघवी, कूस, प्रत्येकापुढे वेळ. तो दांडी मारेल त्या दिवसाचीही सोय हवी. एक गोष्ट मला उशिरा कळली. मुलीने डायपर बदलण्याचा बाबांना फार संकोच वाटायचा. परक्या माणसाकडून त्यांनी ते निमूट करून घेतलं. आणि मी आधी दिवसाचा मदतनीस ठेवला, ती चूक होती. एकच पाळी परवडत असेल तर रात्रीची घ्या.

केंद्राचा विचार कधी करायचा? उचलायला दोन माणसं लागत असतील, विस्मरणाचा आजार असून रात्री दार उघडून बाहेर जाणं सुरू झालं असेल, किंवा तुम्हीच आजारी पडला असाल, तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. बघायला मात्र न कळवता, संध्याकाळी जा. रात्रपाळीला किती माणसं आणि त्यांच्याकडे रुग्ण किती, हे विचारा. घंटा वाजल्यावर कुणी किती वेळात येतं ते तिथेच उभं राहून पाहा.

मन ठरत नसेल तर झॅरिट प्रश्नावली भरून बघा. देखभाल करणाऱ्यावर किती भार आहे हे मोजणारे २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. लांब राहणाऱ्या भावंडांना 'मी थकलेय' हे ऐकू येत नाही. आकडा दाखवला की बोलणं पुढे सरकतं. आमच्याकडे तसंच झालं.

बाबांना केंद्रातून घरी आणल्यावर रात्र मदतनीसाकडे दिली. अंघोळ आणि औषधं मी माझ्याकडे ठेवली. तुमच्याकडे उचलायला एक माणूस पुरत असेल, तर मी आधी हेच करून बघायला सांगेन.