अँडुरिल २ वाला टॉर्च घ्यावा का? नाशिककराचा रिव्ह्यू

सरळच सांगतो, टॉर्चवर एवढे पैसे घालवणं आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं, आणि नुसता उजेडच बघायचा असेल तर मेन रोडला मिळणारा झूमवाला स्वस्त टॉर्चपण लांब फेकतोच की. फरक आहे तो आतल्या सॉफ्टवेअरचा, त्यामुळे हा रिव्ह्यू टॉर्चपेक्षा अँडुरिल २ चा समजा. टॉयकीपर या टोपणनावाच्या डेव्हलपरने लिहिलेलं फर्मवेअर (टॉर्चच्या चिपमध्ये बसणारं सॉफ्टवेअर) आहे, लायसन्स जीपीएल ३, म्हणजे कोड सगळा उघडा, आणि एमिसार, सोफर्न, वुर्कोस अशा बऱ्याच ब्रँडच्या टॉर्चमध्ये हेच येतं. माझ्याकडचा चार एलईडी आणि एक १८६५० सेलवाला (परत परत चार्ज होणारा गोल लिथियम सेल) आहे, मुठीत मावतो.

बटण एकच. एकदा दाबलं की चालू-बंद, धरून ठेवलं की उजेड हळूहळू वाढत जातो, सोडून लगेच परत धरलं की कमी. टप्पे १५० आहेत पण हाताला ते कळतच नाहीत, एकदम लोण्यासारखं सरकतं. सगळ्यात खालचा टप्पा इतका मंद की तंबूत शेजारचा झोपलेला असताना बॅग उचकता येते, कळसूबाईला रात्री चढणाऱ्यांना याची किंमत कळेल. बंद असताना तीनदा दाबलं की बॅटरी किती ते डोळे मिचकावून सांगतो, चारदा आणि मग एकदा म्हणजे ४.१ व्होल्ट. चारदा दाबलं की लॉक, खिशात चुकून पेटत नाही आणि हे लॉक करायलाच हवं कारण चार एलईडीवाला टॉर्च खिशात फुल पेटला तर पँट गेलीच म्हणून समजा.

लोक घाबरतात ते याच्या क्लिकच्या भल्यामोठ्या चार्टला. उगाच घाबरतात. टॉर्च मुळात सिंपल मोडमध्येच येतो, त्यात स्ट्रोब (झपझप उघडझाप) वगैरे काही नाही आणि उजेडालापण वरची मर्यादा असते. दहा वेळा दाबून दहावं धरून ठेवलं की अ‍ॅडव्हान्स मोड उघडतो, बंद करून साधं दहा वेळा दाबलं की परत सिंपल. निफाडला काका कांद्याला पाणी भरायला रात्री जातात, थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला असली की दुसरा इलाज नाही, वर बिबट्याची धास्ती, तिथे त्यांना कँडल मोड आणि विजेचा कडकडाट मोड काय कामाचे. त्यांना सिंपलमध्ये देऊन टाकला, बॅटरी बघायचं "चार आणि एक" एवढं बरोब्बर पाठ आहे. पोरांना मात्र विजेचा मोड जाम आवडतो, बंद टॉर्चवर तीन दाब आणि तिसरा धरून ठेवायचा, मग फिरवत बसा.

आता ओपन सोर्सचा खरा फायदा. मला वरची मर्यादा, पार्टी स्ट्रोब, अशा काही डिफॉल्ट गोष्टी बदलायच्या होत्या. प्रत्येक मॉडेलची वेगळी कॉन्फिग फाईल असते, त्यात दोन ओळी बदलल्या, कंपाईल केलं, टॉर्चमध्ये भरायची हेक्स फाईल तयार. एमिसार डी४व्ही२ सारख्यात बॅटरीची नळी फिरवून काढली की ड्रायव्हरवर (एलईडीला करंट देणारं सर्किट) फ्लॅशिंगचे, म्हणजे फर्मवेअर भरायचे पॅड समोरच दिसतात. यूएसबीएएसपी प्रोग्रामर (यूएसबीवरून चिपमध्ये फाईल भरायचं छोटं बोर्ड) नाशिकमध्ये प्रोजेक्टवाल्या इंजिनिअरिंगच्या पोरांमुळे सहज मिळतो, पोगो पिनवाली चावी मात्र बाहेरून मागवावी लागते. त्या सहा स्प्रिंगच्या पिना पॅडवर दाबून धरायच्या आणि लॅपटॉपवर एव्हीआरड्यूड हा फाईल भरणारा प्रोग्रॅम चालवायचा, हात जरा हलला की एरर, परत धरा. लॅपटॉप नसेल तर मोबाईलला ओटीजी लावून झेडफ्लॅशर अ‍ॅपनेपण होतं. बऱ्याच नव्या ड्रायव्हरमध्ये एटिनी१६१६ चिप असते, तिला यूपीडीआय या वेगळ्या पद्धतीचा प्रोग्रामर लागतो, यूएसबीएएसपी चालत नाही, म्हणून घ्यायच्या आधी चिप विचारा. आणि हेक्स आपल्याच मॉडेलची आहे ना ते दोनदा बघा, बंद असताना पंधरा वेळा दाबलं की टॉर्च व्हर्जन सांगतो.

फर्मवेअरला पैकीच्या पैकी मार्क, पण फर्मवेअर कितीही भारी असलं तरी ड्रायव्हर नुसता एफईटीवाला असेल तर ते बिचारं काय करणार. एफईटी म्हणजे सेल जवळपास थेट एलईडीला जोडल्यासारखं, नवा चार्ज असताना डोळे दिपतात, सेल उतरत गेला की फुल उजेडपण उतरत जातो. सोबत ठराविक करंट देणारी ७१३५ चिप असते, एक चिप ३५० मिलीअँपिअर, खालचे टप्पे त्यावर नीट चालतात. ट्रेकला, मित्रांना दाखवायला एफईटी मस्त, शेतावर रात्रभर लागत असेल तर थोडे पैसे जास्त टाका आणि बक किंवा बूस्ट ड्रायव्हरचा (व्होल्टेज कमी-जास्त करून करंट स्थिर ठेवणारा) घ्या, सेल उतरतानापण उजेड टिकून राहतो आणि तापतोपण कमी.

तापण्यावरून आठवलं, टेंपरेचर कॅलिब्रेट नक्की करा नाहीतर टॉर्च उगाच लवकर मंद होतो किंवा हात भाजेपर्यंत चालू राहतो. टॉर्च खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मेनूत जायचं आणि जितके सेल्सिअस असेल तितके क्लिक मारायचे. मे महिन्यात दुपारी बसलात तर चाळीसच्या आसपास क्लिक, मध्येच मोजणी चुकली की पहिल्यापासून. डिसेंबरात पहाटे निफाडला करा, आठ-दहा क्लिकमध्ये काम तमाम. मग दुसरी सेटिंग तापमानाच्या मर्यादेची, ३० मध्ये जितके क्लिक तितके मिळवतो, म्हणजे १५ मारले की ४५. मी तेवढंच ठेवलंय.

सेलचं शेवटचं, जास्त करंट देणारा चांगल्या कंपनीचाच घ्या. खरा १८६५० फार तर ३५०० एमएएचच्या आसपास असतो, दुकानात ९९०० छापलेला दाखवला तर हात जोडून पुढच्या दुकानात जा.