बर्लिनमधली विकतची अनमेल्डुंग

नोकरीसाठी बर्लिनला आले तेव्हा सबलेटची, म्हणजे एका भाडेकरूने पुढे भाड्याने दिलेली, खोली मिळाली. मूळ भाडेकरूने पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे अनमेल्डुंग होणार नाही." अनमेल्डुंग म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवणं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि टॅक्स आयडी, म्हणजे कर क्रमांकही त्याच पत्त्यावर पोस्टाने येतो. मी घाबरून गेले.

तेवढ्यात ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. "ताई, टेन्शन घेऊ नका. पत्ता, घरमालकाची सही, अपॉइंटमेंट, सगळं ३५० युरोत." परक्या शहरात कुणी मराठीत ताई म्हणालं आणि मी विरघळले. पासपोर्टची प्रत पाठवली, पैसेही भरले. ते भलत्याच नावाच्या खात्यावर गेले, तरी मी काही विचारलं नाही.

मी तिथे राहते असं सांगणारा, घरमालकाची सही असलेला फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे जिथे नोंदणी होते त्या सरकारी कार्यालयात, दहा मिनिटांत काम झालं. बाईंनी शिक्का मारून कागद हातात दिला आणि एक सेंटही मागितला नाही. बर्लिनमध्ये नोंदणीही फुकट आणि अपॉइंटमेंटही फुकट, हे मला तिथे कळलं.

टॅक्स आयडी मात्र आलाच नाही. पगारातून सहाव्या टॅक्स क्लासने, म्हणजे सगळ्यात जास्त दराने, कर कापला गेला. शेवटी मी त्या पत्त्यावर गेले. जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग होती. तिथल्या पेटीवर एकावर एक चिकटवलेल्या कागदी पट्ट्या, सहा-सात नावं, त्यांत माझं नाही. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. दार उघडणाऱ्या आजींनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखे बरेच येतात." त्यांनी कुणालाही खोली दिलेली नव्हती. सही त्यांची नव्हतीच.

मी तिथे राहत नव्हते आणि तरीही तो पत्ता नोंदवला, ही चूक माझीच. पण असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगायला तो माणूस सोयीस्कर विसरला.

सगळ्यात जास्त जीवाला लागलं ते वेगळंच. माझ्या सबलेटच्या मूळ भाडेकरूलाही त्या फॉर्मवर सही करता आली असती. सही घरमालकाचीच हवी असं नाही, ज्याने राहायला जागा दिली तो ती करू शकतो, आणि खरं तर ते त्याचं कर्तव्यच आहे. तो नाही म्हणाला तर तसं ब्युर्गरआम्टला कळवायचं असतं. मी खोली घेण्याआधी हा एक प्रश्न स्पष्ट विचारायला हवा होता, आणि "नाही" ऐकताच दुसरी खोली बघायला हवी होती.

पोलिसांच्या इंटरनेट चौकीत तक्रार केली. नंतर दुसऱ्या घरी रीतसर नोंदणी झाली आणि टॅक्स आयडीही आला. त्या माणसाचा नंबर बंद आहे. माझ्या पासपोर्टची प्रत अजून त्याच्याकडेच आहे.